बीजनिधीचे प्रस्ताव तपासताना गुण नेमके कशाला द्यायचे? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या महाविद्यालयांसाठी)

मूळ धागा | मार्कंडेयकाठ

आपल्या भागातल्या बऱ्याच महाविद्यालयांनी, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) निमित्ताने का होईना, प्राध्यापकांसाठी संशोधनाचा बीजनिधी, म्हणजे काम सुरू करायला लहान अनुदान, सुरू केला आहे. वाटपाची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी एकच. अर्जदाराचे स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतले पेपर मोजायचे, इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज मारायची आणि उतरत्या क्रमाने यादी लावायची. प्रस्तावात काय करायचे म्हटले आहे ते शेवटी वाचले तर वाचले.

चर्चेपुरते एक उदाहरण धरू. निधी १२ लाख, दीड लाखाची ८ अनुदाने, ४० अर्ज. विषय मिसळलेले: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीची (ओतकाम कारखान्याची) वापरलेली वाळू, खानापूरकडचा भात, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांचा दमा-खोकला, मोडी कागदपत्रे, एखादा शुद्ध गणिताचा. यांना पट्टी कोणती लावायची?

आधी इम्पॅक्ट फॅक्टरचे गणित. एखाद्या नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या मजकुराला चालू वर्षात मिळालेली उद्धरणे (इतर लेखांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले 'मोजण्याजोगे' लेख. संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेली उद्धरणे वरच्या आकड्यात येतात, खालच्या आकड्यात मात्र ती संपादकीये-पत्रे धरत नाहीत. शिवाय ही सरासरी आहे. मूठभर लेख भरपूर उद्धृत होतात, बाकीचे बहुतेक सरासरीच्या खालीच असतात. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका 'ए' चा आकडा २००८ ला २.०५ होता, २००९ ला ४९.९ झाला. कारण एकच लेख. स्फटिकरचना काढायच्या शेल-एक्स या प्रणालीचा तो आढावा होता आणि ती प्रणाली वापरणारा जो तो त्याचे उद्धरण देत होता. त्याच काळात तिथे ज्यांचा साधा लेख छापून आला, त्यांचे काम काही चोवीसपट चांगले झाले नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतली दर लेखाच्या गुणांची चढण सगळ्यांना पाठ आहे: इम्पॅक्ट फॅक्टरचा आकडा नसेल तर ५ गुण, एकच्या खाली १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. तो तक्ता नेमणूक-बढतीसाठी आहे. तो उचलून बीजनिधीला लावला की गणितवाला पहिल्या फेरीतच बाद होतो, कारण त्याच्या विषयात लेख कमी, लेखक कमी आणि उद्धरणे यायला वर्षे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोचा 'डोरा' जाहीरनामा २०१३ ला आला. त्याची मूळ शिफारसच अशी की अनुदान, नेमणूक, बढती ठरवताना नियतकालिकाचा आकडा लेखाच्या दर्जाच्या जागी धरू नका.

मला सुचते ते असे. अर्ज दोन भागांत घ्यावा. 'अ' भागात काम: प्रश्न, पद्धत, खर्च, वेळापत्रक. चार पाने, नाव नाही, कॉलेज नाही, 'आमच्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' असली वाक्ये नाहीत. 'ब' भागात माणूस. तिथेही सगळी यादी नको. पाचच कामे, प्रत्येकाखाली साठ शब्द, त्यात आपण स्वतः काय केले ते. गुण फक्त 'अ' ला. 'ब' वर 'पुरेसे' किंवा 'पुरेसे नाही, कारण...' एवढाच शेरा. अमेरिकेच्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने) जानेवारी २०२५ पासून साधारण हाच मार्ग धरला आहे: महत्त्व आणि पद्धत यांना गुण, अनुभव आणि साधने यांना पुरेशी आहेत की नाहीत एवढाच निवाडा. पाच लेखांची मर्यादा तर जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेने २०१० लाच घातली होती.

कुठे फसेल ते सांगा.

प्रतिसाद १ | तिसरे_गेट

सर, वाचायला गोड वाटतंय की ओ. पण आकडे आले कशामुळे ते विसरू नका. आकडे नव्हते तेव्हा समितीत कोण बसलंय यावर सगळं ठरायचं. आज निदान १४ पेपरवाला ७ पेपरवाल्याच्या पुढे जातो आणि ज्याला नाकारलं त्याला कारण दाखवता येतं. 'पद्धत बरी वाटली, ७ गुण' याला उद्या कोणी लेखी हरकत घेतली तर प्राचार्यांनी काय उत्तर द्यायचं? आकडे काढा म्हणणाऱ्यांनी आधी वशिल्याचं औषध सांगावं.

प्रतिसाद २ | मार्कंडेयकाठ

मुद्दा रास्त आहे, पण आकड्यांमुळे वशिला गेलेला नाही. तो लेखकांच्या नावांत शिरला. यूजीसीच्या त्याच नियमावलीत दोन लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के गुण. म्हणजे तुम्ही एक लेख एकट्याने लिहिला, मी एक एकट्याने लिहिला, तर प्रत्येकी १००. दोघांनी एकमेकांचे नाव घातले तर तेच दोन लेख, पण प्रत्येकी १४०. कष्ट शून्य. नियतकालिकांचेही तेच. यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) २०१९ ला आली, तिच्यातल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या, आणि फेब्रुवारी २०२५ ला यूजीसीने ती यादीच बंद केली.

वशिल्याचे औषध म्हणाल तर उघडेपणा. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रकरण बघा. तिथे परीक्षक रीतसर गुण देत होते, आकडेच होते सगळे. दोन संशोधक बायकांनी ती गुणपत्रके मिळवली आणि १९९७ ला 'नेचर' मध्ये हिशेब मांडला: पुरुषाएवढे गुण मिळवायला बाईचे काम अडीचपट लागत होते, आणि समितीत ओळख असणाऱ्याला वेगळा फायदा होता. कागद हातात आले म्हणून कळले.

तेव्हा निकष अर्ज मागवतानाच छापायचे. प्रत्येक गुणाखाली दोन ओळी कारण लिहायचे. कारण नसलेला गुण धरायचाच नाही. आणि हितसंबंधांची वही ठेवायची: नातेवाईक, गाईड-विद्यार्थी, मागच्या पाच वर्षांतला सहलेखक, त्याच विभागातला. यातले काहीही असेल तर त्या अर्जाच्या चर्चेवेळी खोलीबाहेर, आणि बाहेर गेल्याची वेळ वहीत. 'मी बोलणार नाही, नुसता बसतो' हे चालू द्यायचे नाही. हरकत आली तर हीच वही आणि हीच कारणे पुढे करायची.

प्रतिसाद ३ | मलप्रभा

गुणपत्रिकेबद्दल लिहिते, कारण निम्मा अन्याय तिथे होतो.

४० अर्जांतले समजा ६ नियमात न बसल्याने गेले. उरले ३४. प्रत्येकी ३ परीक्षक म्हणजे १०२ वाचने. परीक्षक ९ घेतले तर प्रत्येकाला ११-१२ अर्ज. याहून जास्त दिले की शेवटचे चार-पाच नुसते चाळले जातात. वाटप चिठ्ठ्या टाकून करा, नाहीतर एका विभागाचे सगळे अर्ज एकाच कडक माणसाकडे जातात.

आता कडक-सैलचा प्रश्न. 'क' परीक्षक १० पैकी सरासरी ८ देतो, 'ख' सरासरी साडेपाच. 'ख' कडे गेलेल्यांचे नशीब फुटले. यावर उपाय म्हणून काही जण प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीवरून आणि विचलनावरून (गुण किती पसरलेत त्यावरून) सरळ करून घेतात. ११-१२ अर्ज असतील तर ते जेमतेम चालते. ४-५ अर्जांवर ते करू नका; एखाद्याच्या वाट्याला खरेच चार चांगले अर्ज आले असतील तर त्यातल्या दोघांना तुम्ही उगाच खाली ढकलता.

त्यापेक्षा गुणांना शब्द द्या. १० ची पट्टी सोडा, ६ ची घ्या, म्हणजे मधोमध बसायची सोय राहत नाही. 'पद्धत' या निकषाला भाताच्या प्रस्तावासाठी असे: ६ म्हणजे वाफे किती, रेप्लिकेशन (तोच प्रयोग किती वाफ्यांत पुन्हा) किती, तुलनेचे वाण कोणते, मोजमाप कधी आणि कोण करणार, पाऊस हुकला तर काय, हे सगळे लिहिले आहे आणि दीड लाखात बसते. ४ म्हणजे आराखडा बरोबर आहे पण एक दुरुस्त होण्याजोगी उणीव आहे, उदाहरणार्थ एकाच हंगामाची नोंद. २ म्हणजे तुलनाच नाही, नुसते 'उत्पादन वाढेल'. परीक्षकांनी काम सुरू करण्यापूर्वी मागच्या वर्षीचे दोन अर्ज (संबंधितांच्या परवानगीने, नावे काढून) सगळ्यांनी वेगवेगळे तपासून तासभर एकत्र बसावे. एकाने ५ आणि दुसऱ्याने २ का दिले हे तिथेच निघते.

आणि एवढे करूनही शेवटचा दशांश मानू नका. तीन परीक्षकांच्या गुणांत आपसात साधारण १ गुणाचा फरक असेल तर सरासरीची प्रमाणत्रुटी (सरासरी साधारण किती हुकू शकते ते) ०.५८ येते. आठव्या आणि नवव्या अर्जात ०.२ चा फरक म्हणजे काहीच नाही. त्रुटी ०.२ वर आणायची तर प्रत्येक अर्जाला २५ परीक्षक लागतील. अख्ख्या जिल्ह्यात मिळायचे नाहीत.

हे फक्त आपल्याकडचे नाही. २०१८ ला पीएनएएस या अमेरिकी विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४३ परीक्षकांना एनआयएचचे २५ अर्ज वाचायला दिले होते. एकाच अर्जावरचा दोघांचा एकमेळ हा दोन वेगळ्या अर्जांवरच्या एकमेळापेक्षा जास्त नव्हता. १९८१ ला अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञान-निधी संस्थेच्या १५० प्रस्तावांवर असाच प्रयोग झाला होता. दुसरा परीक्षकगट घेतला तर साधारण चौथा हिस्सा निकाल उलटतात.

प्रतिसाद ४ | भटक्या_खानापुरी

वाचनखूण साठवली. सहाची पट्टी आमच्याकडे सुचवून बघतो.

प्रतिसाद ५ | वखारगल्ली

निपाणीच्या उदाहरणावर. वखारीतल्या कामगार बायकांच्या फुप्फुसांचा प्रस्ताव आला तर परीक्षक बहुतेक वेळा 'नवीन काय?' म्हणून दोन गुण कापतात. बघायला पाहिजे ते वेगळेच. तुलनेचा गट कुठला? त्याच गल्लीतल्या, चुलीवरच स्वयंपाक करणाऱ्या, पण वखारीत न जाणाऱ्या बायका घेतल्या नाहीत तर धूळ आणि धूर वेगळे काढता येणार नाहीत. आज कामावर असलेल्यांनाच तपासले तर आजारी पडून काम सोडलेल्या सुटतात आणि धोका आहे त्यापेक्षा कमी दिसतो. स्पायरोमीटरवर (फुप्फुसातून किती हवा निघते ते मोजायच्या यंत्रावर) निदान तीन नीट फुंकी हव्यात, आणि पहिल्या सेकंदातल्या हवेच्या दोन सर्वोत्तम मापांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. ज्याने हे लिहिलेय त्याला काम कळते. मग त्याचे पेपर दोन असोत की वीस.

तिसरे_गेट, तुमच्यासाठी जिल्ह्यातलेच उदाहरण. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या खेड्यात एएनएमच्या (सहायक परिचारिका-सुईणीच्या) हातून देता येतील का, ही चाचणी आपल्या बेळगाव जिल्ह्यात झाली. १,६२० बायका, २००२ ते २००५. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आले, म्हणजे १८ जणींना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. २००६ ला लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आता हे काम मोठे कशामुळे? लॅन्सेटमुळे म्हणाल तर प्रस्ताव कागदावर होता तेव्हा लॅन्सेट कुठे होते? अनुदान देणाऱ्याला त्या दिवशी एवढेच बघता येते की प्रश्न खरा आहे का, तुलना चोख आहे का, आणि जिच्या हातून हे व्हायचे त्या एएनएमला जमेल का.

प्रतिसाद ६ | तिसरे_गेट

हे मान्य. प्रस्तावाच्या दिवशी लॅन्सेट नसतं.

पण 'ब' भागाला अजिबातच गुण नाहीत म्हणता, तर ज्याने मागचा निधी घेऊन कामच केलं नाही, त्याला परत द्यायचा काय?

प्रतिसाद ७ | मार्कंडेयकाठ

नाही. ती पात्रतेची अट. मागच्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि दोन पानी अहवाल जमा नसेल तर अर्ज छाननीतच थांबतो. पण अहवालात 'अपेक्षित निकाल आला नाही' असे असेल तर ते काम झालेच आहे, त्याला दंड नको. नाहीतर सगळे खात्रीचे, आधीच अर्धे झालेले काम प्रस्ताव म्हणून आणतात, आणि बीजनिधी मग कशाला?

प्रतिसाद ८ | मोडीवाचक

कला शाखेचे कोणी बोलेना म्हणून लिहितो. अर्ज इंग्रजीतच पाहिजे ही अट आधी काढा. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही चालावेत. इंग्रजी सफाईदार म्हणजे संशोधन सफाईदार, हा गैरसमज परीक्षकांच्या नकळत गुणांत उतरतो, आणि आता तर सफाईदार इंग्रजी कोणालाही यंत्राकडून मिळते. (त्यावरून आठवले: परीक्षकांनी अर्ज एआयच्या चॅटमध्ये टाकून शेरे लिहून घेणे बंद करा. दुसऱ्याचा अप्रकाशित विचार बाहेर जातो. एनआयएचने २०२३ लाच परीक्षकांना मनाई केली आहे.)

सीमाभागातली खास अडचण अशी की एकाच विषयाची साधने दोन भाषांत आणि दोन-तीन लिप्यांत पडलेली असतात. जुने दप्तर मोडीत, पुढचे जमिनीचे कागद कन्नडमध्ये. कोल्हापूरचा परीक्षक पहिले बघेल, धारवाडचा दुसरे. दोघांना संपूर्ण प्रस्तावावर गुण द्यायला लावून सरासरी काढली तर दोघेही न कळणाऱ्या भागावर अंदाजाने चार-चार देतात. त्यापेक्षा पत्रिकेत 'या निकषावर मत देण्याइतकी माहिती नाही' अशी चौकट ठेवा आणि ती वापरायला लाजू नका म्हणून सांगा.

मोडीच्या प्रस्तावाला एक सोपी कसोटी आहे. अर्जासोबत मूळ कागदाच्या एका पानाचा फोटो आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर जोडायला सांगायचे. न लागलेली अक्षरे अर्जदाराने कंसात प्रश्नचिन्ह टाकून दाखवायची. जो एकही प्रश्नचिन्ह टाकत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नसतात, लेखणी न उचलता ओळ ओढलेली असते. घरगुती पत्रांत तर एकेक अक्षर संदर्भाने लावावे लागते. खर्चात वाचकाचे मानधन पानामागे धरले आहे का तेही बघा. नुसता स्कॅनर आणि लॅपटॉप मागणारा प्रस्ताव कागद गोळा करेल, वाचणार नाही.

आमच्या विषयात चांगले काम पुस्तकात येते, संपादित ग्रंथात येते, कधी स्मरणिकेतसुद्धा. 'पाच कामे' म्हणताना 'पाच लेख' असे छापू नका.

प्रतिसाद ९ | साचा_आणि_वाळू

फाउंड्रीच्या प्रस्तावाला सगळे जण उद्योगाचे शिफारसपत्र जोडतात आणि परीक्षक त्याला 'उपयुक्तता' चे पूर्ण गुण देतात. ते पत्र उद्यमबागेत चहा पिता पिता मिळते. पत्रात काय देणार ते लिहिलेले पाहिजे: कुठले कास्टिंग (ओतीव भाग), किती हीट (भट्टीतल्या वितळण्याच्या फेऱ्या), त्यांचा माणूस किती वेळ, वाळूच्या चाचणीची उपकरणे त्यांची की कॉलेजची. वापरलेली वाळू पुन्हा घ्यायची म्हणता, तर वाळूतली ओल, मोल्डची ताकद, हवा जाण्याची क्षमता आणि जळून मेलेल्या बेंटोनाइटचे (वाळू धरून ठेवणाऱ्या मातीचे) प्रमाण कोण आणि कितीदा मोजणार? रिजेक्शन (खराब म्हणून टाकलेले कास्टिंग) आधी किती होते, त्याची तीन महिन्यांची नोंद हातात आहे का? नसेल तर 'रिजेक्शन २० टक्के कमी करू' हे वाक्य कोणाला तपासताच येणार नाही.

प्रतिसाद १० | कॅसलरॉक_एक्सप्रेस

मलप्रभा मॅडमच्या ०.५८ वरून पुढे जातो. परीक्षकांना वरचे आणि खालचे नीट ओळखता येतात, मधले येत नाहीत. मग मधल्यांत भेद करता येतो असा आव आणू नका. ३४ पैकी समजा ५ उघड वरचे, १७ उघड खालचे, मधे १२. आठपैकी पाच अनुदाने वरच्यांना. उरलेल्या तीनसाठी बारा जणांच्या चिठ्ठ्या टाका.

हसू नका. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून एक्सप्लोरर अनुदाने अशीच देते, दीड लाख डॉलरची: नावे झाकून आधी पात्रता ठरते, मग सोडत. स्वित्झर्लंडची राष्ट्रीय संशोधन-निधी संस्था २०२१ पासून बरोबरीच्या अर्जांत सोडत काढते. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून लहान अनुदानांना तेच सुरू केले.

प्रतिसाद ११ | तिसरे_गेट

चिठ्ठ्याच टाकायच्या तर परीक्षक कशाला पोसायचे? शेजारच्या अंगणवाडीतलं पोर बोलवा, तेच उचलेल.

प्रतिसाद १२ | कॅसलरॉक_एक्सप्रेस

पोर बोलवाच, चिठ्ठी त्यालाच उचलू दे! परीक्षकांचे काम त्याआधीचे: बारात कोण बसतो हे ठरवणे. न्यूझीलंडला अर्जदारांनाच विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी या अनुदानांसाठी सोडत मान्य केली; इतर अनुदानांसाठी मात्र ४० टक्क्यांनीच. म्हणजे लोकांना ती सगळीकडे नकोय, आणि मीही म्हणत नाही. दीड लाखाच्या निधीला ठीक, दीड कोटीच्या यंत्राला नाही.

एक फायदा कोणी बोलत नाही. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या अनुदानात रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्यांचा पुढचा हिशेब काढला (२०१८ चा अभ्यास). गुणांत फरक नावाला, पण वरच्यांना पुढच्या आठ वर्षांत दुपटीहून जास्त निधी मिळाला. एकदा मिळाले की पुढे 'आधी मिळालेले आहे' हाच गुण होतो, आणि खालचे पुढे अर्जही कमी करतात. चिठ्ठीत न आलेला माणूस निदान 'आपण कमी पडलो' असे समजून बसत नाही.

अट एकच: मधला गट कुठून कुठे हे चिठ्ठीच्या आधी, नावे उघडण्याच्या आधी ठरवून सही करून ठेवायचे. नावे बघून गट रुंद-अरुंद केला की वशिला परत आला.

प्रतिसाद १३ | मलप्रभा

गटाची रुंदी प्रमाणत्रुटीवरून ठरवा: आठव्या क्रमांकाच्या गुणांपासून वर-खाली ०.६. सोपे आहे आणि भांडण राहत नाही.

'ब' भागाबद्दल एक. साठ शब्दांच्या हकिकतीत ज्याला लिहिता येते तो जिंकतो, म्हणून प्रत्येक दाव्याला एक पडताळता येणारी खूण मागा: डेटा कुठे ठेवला, कुणी वापरला, नमुने कुणी गोळा केले. सहलेखकांच्या भूमिकांसाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची तयार यादी आहे, तीच वापरा. आणि वय किंवा नोकरीची वर्षे विचारू नका. संशोधनाला प्रत्यक्ष मिळालेली वर्षे विचारा. बाळंतपण, आजारपण, आठवड्याला वीस-बावीस तास शिकवणे हे अर्जदाराने एका ओळीत लिहावे, कारण न देता नुसते महिने. ही ओळ परीक्षकांकडे जाऊ नये. छाननी करणाऱ्याने त्यावरून वर्षे काढून तेवढा आकडा पुढे पाठवावा.

प्रतिसाद १४ | भटक्या_खानापुरी

प्रश्न: नाकारलेल्या २६ जणांना काय कळवायचे? नुसते 'आपला प्रस्ताव निवडला गेला नाही' हेच येते नेहमी.

प्रतिसाद १५ | मार्कंडेयकाठ

परीक्षकांनी गुणाखाली लिहिलेली कारणे, नाव काढून, जशीच्या तशी. म्हणूनच ती नीट लिहिली जातात. छाननीत गेलेल्या ६ जणांना कुठली अट चुकली ते. आणि मधल्या गटातल्यांना स्पष्ट कळवा की आपण पात्र होता, सोडतीत नाव आले नाही; पुढच्या वर्षी तोच अर्ज दुरुस्त करून चालेल.

तक्रारीला पंधरा दिवस द्या, पण ती पद्धतीवरच घ्या: हितसंबंध लपवला, पान वाचले नाही, नियम चुकीचा लावला. 'मला ४ ऐवजी ५ पाहिजेत' ही तक्रार नोंदवून घेऊ नका.

प्रतिसाद १६ | तिसरे_गेट

बरं. चिठ्ठ्यांचं मान्य करतो, एका अटीवर. तीन उचलून थांबू नका. बाराही उचला, क्रम लिहा, प्राचार्य आणि दोन अर्जदारांच्या सह्या घ्या. कोणाची बदली होते, कोणी नोकरी सोडतो, कोणाला एथिक्स कमिटीची मंजुरीच मिळत नाही. तेव्हा चौथी चिठ्ठी आधीच ठरलेली पाहिजे, नाहीतर फेब्रुवारीत परत बैठक लावायची म्हणतील, आणि ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून तो दीड लाख प्रिंटर-टोनरात जाईल.

प्रतिसाद १७ | कॅसलरॉक_एक्सप्रेस

मंजूर. बारा चिठ्ठ्या, बारा क्रमांक. आणि प्रतीक्षायादी नोटीस बोर्डावर त्याच दिवशी.